किनवटचे अरण्य आणि राष्ट्रांचे करार

राष्ट्राराष्ट्रांमधील वनविषयक सहकार्य हा विषय घेऊन निघालेल्या लेखसंग्रहाने नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपाशी मुक्काम का करावा, असा प्रश्न वाचकाला पडला तर त्यात त्याचा काही दोष नाही. कारण लातूर जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रात वनाचा वाटा एक टक्काही भरत नाही, आणि नांदेड जिल्ह्यात अरण्य म्हणून जे शिल्लक आहे ते बहुतांशी किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांच्या डोंगररांगांत एकवटलेले आहे. ज्या परिषदांतून ॲमेझॉनच्या खोऱ्याची, काँगोच्या अरण्याची आणि बोर्निओ बेटाची चर्चा होते, तेथे इस्लापूर, मांडवी, औसा किंवा अहमदपूर ही नावे कोणी उच्चारली असतील असा संभव नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांत जगाच्या वनव्यवहाराने जी जी वळणे घेतली, त्यांपैकी बहुतेकांचा ठसा या उपेक्षित मुलखावर उमटलेला आहे. कधी तो बियाण्याच्या रूपाने आला, कधी कर्जाच्या, कधी कायद्याच्या आणि अलीकडे तर उपग्रहाने धाडलेल्या इशाऱ्याच्या रूपाने. त्या साऱ्याचा हिशेब मांडू गेल्यास एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. बाहेरून आलेले साह्य येथे मूळ धरून राहिले ते बहुधा तेथेच, जेथे जमिनीवर आणि झाडावर कोणाचा हक्क आहे याचा निकाल आधी लागलेला होता. आणि जेथे तो लागलेला नव्हता, तेथे पैसा, विद्या आणि सद्हेतू ही तिन्ही असूनही बराचसा खटाटोप वाया गेला.

सहस्रकुंडाजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली झेपावते. नदीच्या एका काठाला नांदेड जिल्हा आणि दुसऱ्या काठाला यवतमाळ. नदीच्या दक्षिणेस किनवटच्या टेकड्यांवर साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि चारोळी यांचे जे मिश्र अरण्य पसरले आहे, ते तसेच पुढे आदिलाबादेत उतरते, आणि ते नेमके कोठे संपते व कोठे सुरू होते हे झाडांकडे पाहून कोणालाही सांगता यावयाचे नाही. किनवटचा प्रदेश निजामाच्या अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला, पुढे १९५६ मध्ये राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा मराठी बोलणारा हा भाग नांदेडास जोडण्यात आला आणि तेलुगू मुलूख आंध्र प्रदेशात गेला. भाषेच्या न्यायाने हे योग्यच झाले. परंतु अरण्याला भाषा नसते आणि त्यातल्या गोंड, कोलाम, आंध व परधान समाजांच्या सोयरिकी तर नदीच्या व हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या होत्या. एका दिवसात एका अरण्याचे दोन मालक झाले, दोन नियमावल्या झाल्या आणि दोन दप्तरे झाली.

वनशास्त्र नावाची विद्या या देशात मुळात परक्यांच्या हातून आली, हे येथे नमूद केले पाहिजे. सॅक्सनीमधील खाणींना जळाऊ लाकूड पुरेनासे झाले तेव्हा तेथील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, जेवढे वाढते तेवढेच तोडावे. ही जर्मन शिस्त इंग्रजांनी उसनी घेतली. बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांवर नेमला गेला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यामागून त्या जागेवर आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच होते. १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली. ब्रह्मदेशातील करेण शेतकरी डोंगरउतारावर पीक घेता घेता साग लावीत, ती ‘टाँग्या’ नावाची रीत सरकारी वनखात्याने उचलली आणि ती पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचली. म्हणजे जर्मन हिशेब, इंग्रजी अंमल आणि करेण शेतकऱ्याचा अनुभव यांच्या संयोगातून आपल्या सागाची व्यवस्था उभी राहिली. सहकार्य म्हणावयाचे तर हेही सहकार्यच होते. मात्र ज्याच्या अनुभवावर ती उभी राहिली त्या करेणाला, किंवा ज्याच्या रानात ती लागू झाली त्या गोंडाला, कोणी विचारले नव्हते.

निजामाच्या राज्यातही राखीव वनाच्या हद्दी आखल्या गेल्या. आज ज्या रानात आपण पोडाची फिरती शेती केली, गुरे चारली, मोहाची फुले वेचली, तेथे उद्या पाऊल टाकले तर चौकीदार अडवितो, चराईचा कर मागतो, गवताचे छप्पर उपटून टाकतो, ही स्थिती आदिलाबादच्या डोंगरांत निर्माण झाली आणि तिच्या पोटी गोंड नेते कोमरम भीम यांचे बंड उभे राहिले. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. या बंडाची कैफियत इतिहासाच्या पुस्तकांतून आता बऱ्यापैकी आलेली आहे. परंतु त्यानंतर जे घडले त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही आणि आमच्या मते या संग्रहाच्या विषयाशी त्याचाच संबंध अधिक निकटचा आहे.

व्हिएन्नामध्ये १९०९ साली जन्मलेला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ महायुद्ध सुरू झाले त्या वेळी हिंदुस्थानात होता. जर्मन पारपत्र बाळगणारा म्हणून तो शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला, आणि त्याला अन्यत्र न फिरता हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. एका अर्थी हा नजरकैदी. पण बंडामागील कारणांचा शोध घेण्यासाठी निजाम सरकारला याच नजरकैद्याची गरज भासली. तो गोंडांच्या खेड्यांत जाऊन राहिला, त्यांची भाषा शिकला आणि त्याने सरकारला जे सांगितले त्याचे सार असे की, या लोकांना शाळा हवी, दवाखाना हवा हे खरे, पण सर्वांआधी त्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या नावाने दप्तरी लागली पाहिजे. १९४५ मध्ये तो आदिवासींविषयक सल्लागार म्हणून नेमला गेला. मार्लवाई या खेड्यात गोंड शिक्षकांना गोंडी भाषेतून तयार करण्याचे केंद्र निघाले आणि ‘लावणी खास’ या महसुली तरतुदीखाली हजारो कुटुंबांना पट्टे देण्यात आले. संस्थानी दप्तरातील एक रूक्ष शब्द आणि शत्रुराष्ट्राचा एक विद्वान यांच्या मेळातून जे काम झाले, ते नंतरच्या कित्येक लक्षावधी डॉलरांच्या योजनांना साधले नाही. पुढील पिढ्यांत त्यांतील पुष्कळ जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या, हेही तितकेच खरे आहे, आणि हायमेनडॉर्फने स्वतःच उतारवयात परत येऊन ते खेदपूर्वक नोंदविले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांविषयी येथे विस्तार करण्याचे कारण नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वन असावे असे ठरविले, आणि लातूरसारख्या मुलखात तो आकडा कागदावरच राहिला. खरी हालचाल झाली ती १९८२ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निराळा निघाला, आणि त्याच वर्षी अमेरिकी विकाससाह्याच्या आधारावर महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. रस्त्याच्या कडेला, तलावाच्या पाळीवर, शाळेच्या आवारात आणि विशेषतः गायरानावर झाडे लावण्याचा सपाटा सुरू झाला.

त्या सपाट्यातील नायक होता सुबाभूळ. मूळचा मेक्सिकोकडचा हा वृक्ष मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचन येथील संस्थेने महाराष्ट्रात सर्वतोमुखी केला. पाला जनावरांना, फांद्या चुलीला आणि मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र. एवढे गुण एका झाडात एकवटलेले पाहून अवर्षणाने गांजलेल्या मराठवाड्याला तो कल्पवृक्ष वाटला असल्यास नवल नाही. पण १९८८ च्या सुमारास कॅरिबियन बेटांकडून पॅसिफिकमार्गे आलेली एक सूक्ष्म कीड या झाडाच्या कोवळ्या शेंड्यांवर पडली आणि हिरवीगार दिसणारी रांग काही आठवड्यांत खराट्यासारखी झाली. तेव्हा त्या किडीचा फडशा पाडणारा निळसर ढालकिडा थायलंडमधून बंगळूरला आणून सोडण्यात आला. झाड मेक्सिकोचे, रोग कॅरिबियनचा, उतारा थायलंडमार्गे. वनविषयक आंतरराष्ट्रीय सहकार्याचे याहून बोलके उदाहरण कोणत्या ठरावात सापडेल? अर्थात सुबाभळीचा खरा पराभव किडीने केला नाही. ज्या गायरानावर ती लावली, त्या गायरानावर गावोगावचे भूमिहीन, मुख्यतः दलित समाजाचे लोक, कित्येक वर्षे ज्वारी पेरीत आले होते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने पुढे १९९१ मध्ये घेतला, पण वहिवाट आणि वृक्षारोपण यांची तकरार त्यामुळे मिटली असे म्हणता येणार नाही. ज्याचे पोट त्या तुकड्यावर अवलंबून आहे त्याला झाडाचा खड्डा हा बेदखलीचा खड्डा वाटतो, ही साधी गोष्ट वॉशिंग्टनमधील तज्ज्ञांना कळली नसेल तर क्षम्य आहे. पण ती मुंबईच्या सचिवालयालाही कळू नये, याचे आश्चर्य वाटते.

१९९२ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. रिओ दी जानेरो येथील वसुंधरा परिषदेत वनांविषयी बंधनकारक करार करावा असा आग्रह श्रीमंत राष्ट्रांनी धरला, आणि भारत, मलेशिया आदी देशांनी तो हाणून पाडला. आमची वने ही आमच्या सार्वभौमत्वाची बाब आहे, तुमच्या कारखान्यांच्या धुराचे प्रायश्चित्त आमच्या झाडांनी का घ्यावे, असा त्यांचा सवाल होता. निष्पन्न झाली ती केवळ तत्त्वांची एक सनद, जिच्या शीर्षकातच ती बंधनकारक नाही असे लिहून ठेवलेले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव काढला आणि जागतिक बँकेच्या साह्याचा महाराष्ट्र वानिकी प्रकल्प सुरू झाला. पुढे २००० साली संयुक्त राष्ट्रांचा वनमंच स्थापन झाला, २००७ मध्ये आणखी एक अबंधनकारक दस्तऐवज संमत झाला, आणि २०३० पर्यंत जगाचे वनक्षेत्र तीन टक्क्यांनी वाढवावे असे उद्दिष्ट २०१७ मध्ये ठरले. या परिषदांची भाषा इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर कोणाचेच बोट ठरत नाही. त्यांचा सविस्तर आढावा या संग्रहात अन्यत्र आहे आणि तो नेटाने वाचणाऱ्याच्या चिकाटीचे आम्ही आगाऊ अभिनंदन करतो.

मात्र या गुळगुळीत भाषेतूनही क्वचित काही कामाचे गळते. भोपाळच्या भारतीय वन प्रबंध संस्थेने १९९८ मध्ये, आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय काष्ठ संघटनेशी विचारविनिमय करून, वनाचे व्यवस्थापन शाश्वत आहे की नाही हे ओळखण्याचे निकष आणि निर्देशक मांडले. ते पुढे २०१४ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेत समाविष्ट झाले. त्यामुळे आता एखाद्या वनविभागाची कार्य आयोजना तयार होते तेव्हा, तोडीसाठी आखलेल्या कूपात किती घनमीटर साग निघेल एवढ्यावर न थांबता, जमिनीची धूप, पाण्याचा साठा, गौण वनोपज आणि त्यावर जगणारी माणसे यांच्याही नोंदी कराव्या लागतात. योकोहामा येथे कार्यालय असलेली एक संघटना आणि किनवटच्या डोंगरातील मोहाचे झाड यांच्यात एक कागदी का होईना, धागा जुळला.

मोहाचे झाड म्हटले की, तो धागा कागदी राहत नाही. फाल्गुन-चैत्रात मोहाची रसाळ, पिवळसर पांढरी फुले पहाटेच्या आत टपटप गळू लागतात, आणि दिवस उजाडण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. वाळक्या पानांच्या थरात ती फुले दिसत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला लोटून त्याला काडी लावण्याची जुनी रीत आहे. तेवढ्याने भागले तर ठीक, पण दुपारच्या वाऱ्यात ती आग सरकत सरकत शेजारच्या सागाच्या कूपात शिरते, रोपे करपतात आणि डोंगरच्या डोंगर काळा पडतो. आता अशी आग लागली की, अमेरिकी उपग्रहांवरील उष्णतामापक तिची नोंद घेतात, ती माहिती देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे येते आणि तेथून अक्षांश-रेखांशासह वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येऊन पडतो. वनरक्षक सायकल वा मोटारसायकल काढतो, हाती झाडाची ओली डहाळी घेऊन आग झोडपतो, आणि परत येऊन ‘अज्ञात इसमाविरुद्ध’ गुन्हा लिहितो. अंतराळातून पाचशे मैलांवरून दिसणारी आग कोणी लावली ते गावात सर्वांना ठाऊक असते. पण ते झाड कोणाचे, त्याची फुले वेचण्याचा हक्क कोणाच्या नावे, हे ठरले असते तर त्या बाईने पाला जाळण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली असती; तशी जाळी बांधून स्वच्छ फुले गोळा करण्याचा प्रयोग मध्य भारतात झालेलाच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात देहरादूनला संयुक्त राष्ट्र वनमंचाच्या विद्यमाने भारताने जी बैठक भरविली, तिचे दोन विषय वणवे आणि वनांचे प्रमाणीकरण हेच होते. मोह वेचणारी बाई तेथे बोलली असती, तर दोन्ही विषयांवर तिच्यापाशी सांगण्यासारखे होते.

व्यापाराचा भाग थोडक्यात आटोपता येण्यासारखा आहे, तरी तो डोळ्याआड करता येत नाही. नैसर्गिक साग जगात फक्त भारत, ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस या चार देशांत उगवतो, आणि तरीही साग आयात करणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला आहे. २०१४ मध्ये ब्रह्मदेशाने गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हापासून आपल्या वखारींत आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीच्या सागाचे ओंडके अधिकच दिसू लागले. आपली वने राखल्याचे समाधान आपण घ्यावे, आणि तुटीचा भार घाना किंवा इक्वेडोरच्या रानावर टाकावा, हा व्यवहार कितपत नैतिक आहे याचा विचार व्हावयास हवा. उलट दिशेनेही फास आवळत आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर वन तोडून केलेल्या जमिनीवरचे सोयाबीन आपल्या बाजारात येऊ देणार नाही, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली, पण कायदा उभा आहे. लातूरच्या बाजारपेठेचा श्वास सोयाबीनवर चालतो आणि भारतीय सोयापेंड युरोपातही जाते. लातूरच्या शेतकऱ्याने वन तोडले नाही, कारण तोडण्यासारखे वन त्याच्यापाशी उरलेलेच नव्हते. तरी आपल्या शेताचे अक्षांश-रेखांश सांगून निर्दोषत्व सिद्ध करण्याची पाळी उद्या त्याच्यावर येऊ शकते. ज्याने झाड राखले त्याला बक्षीस नाही आणि ज्याच्याकडे झाडच नाही त्याला दाखला सुलभ, असा हा न्याय आहे.

लातूरला झाड नसण्याची किंमत काय पडते ते एप्रिल २०१६ मध्ये देशाने पाहिले. मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती जगभर गाजली. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही; औसा तालुक्यातील लोदग्याचे पाशा पटेल यांनी बांबूचा ध्यास घेतला, आणि त्याच गावात बांबूपासून फर्निचर तयार होऊ लागले. २०१७ च्या अखेरीस वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून कायद्याने वगळला गेला नसता तर हे अशक्य होते. तोवर स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही शेतकऱ्याला वनखात्याच्या परवान्यासाठी खेटे घालावे लागत. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे आहेत आणि शेतात झाडे लावण्यास त्यात अनुदान आहे. आमचा तर्क असा की, बांबूला जे यश येईल ते अनुदानाने येण्यापेक्षा २०१७ च्या त्या दोन ओळींच्या दुरुस्तीने अधिक येईल; कारण तिने झाड लावणाऱ्याला झाडाचा धनी केले.

दूरच्या राष्ट्रांशी सहकार्य करण्याच्या उत्साहात हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याचा विसर पडू नये, हा मुद्दा संग्रहातील एका लेखाने आग्रहपूर्वक मांडला आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात संदेशपट्टा होता. त्याने महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांतून पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर भ्रमंती करून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. त्याला हद्दीचे भान नव्हते. सागाच्या तस्करांना मात्र ते पुरेपूर असते, आणि अलीकडे तोडून पलीकडे नेले की अर्धी मिसल आपोआप बंद होते हे त्यांना पाठ आहे. किनवट आणि आदिलाबाद यांचे वणवे एक, तस्कर एक, वाघ एक, मोह एक. फक्त कार्य आयोजना दोन. न्यूयॉर्कला जाऊन शाश्वततेची ग्वाही देणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी या दोन आयोजना एका टेबलावर ठेवून वाचल्या, तरी रिओच्या त्या अबंधनकारक सनदेतील निम्मी कलमे पुरी होतील.

हे लेख प्राध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी वाचावेत हे ओघाने आलेच. पण किनवट, माहूर, हिमायतनगर किंवा भोकर तालुक्यातील एखाद्या वाडीच्या ग्रामसभेत बसणाऱ्या वाचकाच्या हाती हा संग्रह पडला, तर त्याला एक विनंती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आपल्या गावाचा सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे गेला आहे काय, त्यास वहिवाटीच्या हक्कांची नोंद असलेले निस्तारपत्रक आणि नकाशा जोडला आहे काय, आणि जिल्हा समितीने त्यावर काय शेरा मारला आहे, हे त्याने दप्तर उघडवून पाहावे. गेला नसल्यास तो आजही दाखल करता येतो. कायद्याने त्यासाठी अखेरची मुदत घातलेली नाही.